मीटिंगच्या आधी आणि मीटिंगच्या नंतर

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडायची, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर पोचायचं आणि ऐरोलीत किंवा घणसोलीत जागेवर बसेपर्यंत कॅलेंडर भरलेलं असतं. साडेनऊला स्टँडअप, अकराला रिव्ह्यू, बाराला क्लायंट कॉलच्या तयारीचा कॉल, जेवणानंतर प्लॅनिंग, संध्याकाळी स्वतः क्लायंट. वागळे इस्टेट किंवा घोडबंदर रोडवर नोकरी असेल तर प्रवास थोडा कमी, मीटिंगा तेवढ्याच. चार माणसांत बोलून ज्यांना हुशारी येते त्यांचा असा दिवस बरा जातो. हा लेख बाकीच्यांसाठी आहे. त्यांचं काम चोख असतं, विचारलं तर नेमकं उत्तर देता येतं, पण चौथी मीटिंग संपताना बोलायचं सोडाच, ऐकायचंही त्राण उरलेलं नसतं.

अशा माणसाला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: जरा बोलत जा. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो पाळायला गेलं की माणूस आणखी दमतो. मीटिंगच्या त्या एका तासात बोलक्या सहकाऱ्याची बरोबरी करणं अवघड आहे आणि त्याची फारशी गरजही नाही. ऑफिसातल्या बहुतेक निर्णयांचा मोठा भाग मीटिंगच्या आधी ठरत आलेला असतो आणि मीटिंगनंतर जे लिहिलं जातं तेच पुढे टिकतं. या दोन्ही जागा शांत माणसाला चांगल्या जमतात. तुमची मेहनत तिथे घाला.

पण त्याआधी आपण गप्प का असतो, याचा छडा लावायला हवा. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडली. अंतर्मुख असणं हा स्वभाव आहे आणि बुजरेपणा ही भीती आहे. दोन्ही वरून सारखी दिसतात. ओळखायची एक साधी रीत सांगते. तुम्हाला मान देणाऱ्या, ओळखीच्या माणसांबरोबर छान झालेली एखादी मीटिंग आठवा. त्यानंतरही थकवा येऊन घटकाभर एकटं बसावंसं वाटलं असेल, तर तो स्वभाव. उलट आदल्या रात्रीच झोप उडत असेल, आपलं नाव पुकारलं जाईल या विचाराने पोटात गोळा येत असेल आणि मीटिंग रद्द झाल्यावर एकदम हलकं वाटत असेल, तर ती भीती. पुष्कळांमध्ये दोन्ही असतात. थकव्यावरचा उपाय वेळापत्रकात आहे, भीतीवरचा सरावात.

आपल्या भागात गप्प बसण्याचं तिसरंही एक कारण आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ते म्हणजे इंग्रजी. कल्याण-डोंबिवलीतल्या मराठी शाळांत शिकून इंजिनिअर झालेली, आज चाळिशीच्या आसपास असलेली कितीतरी माणसं टीममध्ये मराठी-हिंदीत भरभरून बोलतात आणि क्लायंट कॉल सुरू झाला की म्यूटवर जातात. शाळेत 'हाताची घडी, तोंडावर बोट' आणि ऑफिसात अचानक 'स्पीक अप'. या माणसांना लोक अंतर्मुख समजतात आणि हळूहळू तेही स्वतःला तसंच समजायला लागतात. तुमचं असं असेल तर स्वभाव बदलायच्या फंदात पडू नका. कॉलवर स्क्रीन शेअर करा, आकडे आणि चित्र समोर ठेवा आणि छोटी वाक्यं बोला. कर्ता, क्रियापद, आकडा, तारीख. 'टेस्टिंग इज सेव्हंटी पर्सेंट डन. टू इश्यूज आर ओपन. वी विल क्लोज देम बाय थर्सडे.' परदेशातल्या क्लायंटला अलंकारिक इंग्रजीपेक्षा हेच हवं असतं.

मीटिंगमध्ये सुचत नाही, घरी येताना दिव्याला गाडी थांबली की सगळं सुचतं, अशी तक्रार बरेच जण करतात. यात कमीपणा वाटून घेऊ नका, कारण अडचण पुष्कळ अंशी मीटिंगच्या पद्धतीतच आहे. ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने 'ब्रेनस्टॉर्मिंग' लोकप्रिय केलं. चार डोकी एकत्र बसली की जास्त कल्पना निघतील, असा त्यांचा विश्वास होता. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी ते तपासलं. चौघांचे काही गट एकत्र बसवले आणि काही माणसं एकेकटी बसवून नंतर त्यांच्यातल्या चौघा-चौघांच्या कल्पना एकत्र मोजल्या. एकेकट्या बसलेल्यांची बेरीज गटाच्या जवळजवळ दुप्पट भरली. पुढे १९८७ साली डील आणि श्ट्रोबे यांनी याचं मुख्य कारण दाखवून दिलं. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, थांबताना सुचलेलं धरून ठेवावं लागतं आणि त्या धरून ठेवण्यात नवं सुचणं बंद होतं. म्हणजे एकट्याने आधी विचार करून येणं हा तुमचा दोष नाही, तीच जास्त फळ देणारी रीत आहे.

तर मीटिंगच्या आधी काय करायचं? पहिलं म्हणजे विषय माहीत नसलेल्या मीटिंगला जायचं नाही. इन्व्हाइटमध्ये नुसतं 'डिस्कशन' लिहिलेलं असेल तर पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहा: 'उद्याच्या मीटिंगमध्ये नक्की काय ठरवायचंय? माझ्याकडून कोणती माहिती लागेल ते कळलं तर तयार ठेवीन.' यात उद्धटपणा काही नाही. उलट तुम्ही गंभीरपणे येताय हे समोरच्याला कळतं. कधी कधी उत्तर येतं की तुम्ही नुसता आकडा पाठवलात तरी चालेल, आणि एक तास वाचतो.

दुसरं, आदल्या दिवशी निघण्यापूर्वी एकच वाक्य लिहून ठेवा. उद्या या मीटिंगमध्ये मला एवढंच म्हणायचं आहे, असं वाक्य. मुद्द्यांची यादी करू नका. यादी केली की पहिला मुद्दा कधी काढायचा याचीच वाट बघत बसतो. सकाळच्या गर्दीत उभ्याने मोबाइलवर टाइप करणं अशक्य असतं, पण एक वाक्य डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत मनात सहज घोळवता येतं आणि ऐरोलीपर्यंत ते तोंडात बसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला आधी एकटं गाठा. टेस्टिंगमधल्या माझ्या एका सहकारी मुलीचं उदाहरण देते. कल्याणहून यायची, अतिशय कमी बोलायची. पैसे भरण्याचा स्क्रीन असलेलं एक ॲप गुरुवारच्या मीटिंगमध्ये 'गो' की 'नो-गो' ठरणार होतं. लोकलमध्ये नेटवर्क जाऊन परत आलं की त्या स्क्रीनवरची रक्कम पुसली जाते, हे तिच्या लक्षात आलं होतं. वीस माणसांच्या मीटिंगमध्ये, तारीख आधीच क्लायंटला कळवलेली असताना, हे सांगणं तिला जमलं नसतं. बुधवारी चहाच्या वेळी ती एक जुना फोन घेऊन रिलीज मॅनेजरकडे गेली. काही न बोलता रक्कम भरली, फोन फ्लाइट मोडवर टाकला, परत काढला आणि रिकामी चौकट त्याच्यापुढे धरली. त्याने स्वतःच्या हाताने दोनदा करून पाहिलं. मग जागेवर येऊन तिने त्याला मेल टाकली: 'आत्ता दाखवलेल्या इश्यूचे स्क्रीनशॉट जोडतेय.' गुरुवारी मीटिंग सुरू होताच तो मॅनेजरच म्हणाला, 'एक गोष्ट बघावी लागेल,' आणि तिच्याकडे वळून, 'तू सांग.' तिने दोन वाक्यं सांगितली. तारीख पुढे गेली.

यात ती मेल फार मोलाची आहे. एकट्यात सांगितलेली गोष्ट पुढे दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. मुद्दाम कोणी करतं असं नाही, विसरतात माणसं. म्हणून तोंडी बोलणं झालं की लगेच दोन ओळी लेखी पाठवायच्या. चहाच्या टपरीवर बोललात तरी.

आता प्रत्यक्ष मीटिंग. पहिल्या दहा मिनिटांत एकदा तोंड उघडा, मग विषय कितीही छोटा असो: 'ही तारीख सगळ्या मॉड्यूल्सची आहे की फक्त आपल्या?' एवढा प्रश्न पुरतो. जितका वेळ गप्प बसाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं आणि पाऊण तासाने बोललात की सगळे वळून बघतात, ते नको होतं. कोणी मध्येच तोडलं तर आवाज चढवायची गरज नाही. त्याचं बोलणं संपल्यावर 'माझा मुद्दा अर्धा राहिलाय, तो पुरा करते' असं शांतपणे म्हणा आणि जिथे तुटलं होतं तिथूनच सुरू करा. अचानक अवघड प्रश्न आला तर तयार उत्तर द्यायलाच हवं असं नाही. 'हे तपासून चार वाजेपर्यंत मेल करते' हे उत्तर पूर्ण आहे, फक्त मेल चार वाजता गेली पाहिजे. दोनदा वेळ पाळलीत की तुमच्या 'तपासून सांगते'ला वजन येतं.

ऑनलाइन कॉल असेल तर दोन गोष्टी करा. चॅटमध्ये लिहा. पुष्कळ शांत माणसं तिथे उत्तम बोलतात आणि लिहिलेलं राहतं. आणि स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवा. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत सतत स्वतःकडे बघत राहावं लागणं हे एक होतं. कॅमेरा सुरू ठेवूनही स्वतःची चौकट बंद करता येते, ती सोय शोधून ठेवा.

मीटिंगमध्ये एक काम कोणालाच नको असतं. ते तुम्ही मागून घ्या: मिनिट्स लिहायचं. ऑफिसात याला एमओएम म्हणतात आणि दुय्यम काम समजून ते नव्या पोराच्या गळ्यात मारतात. मला ते अतिशय मोक्याचं काम वाटतं. एकतर लिहीत असताना गप्प बसण्याचं कारण कोणी विचारत नाही. दुसरं, 'थांबा, हे असं लिहू का, की तारीख पंधरा आणि जबाबदारी डिझाइनकडे?' असं विचारायचा अधिकार मिळतो आणि गोल गोल चाललेली चर्चा त्या प्रश्नापाशी येऊन थांबते. तिसरं म्हणजे महिनाभराने वाद झाला की सगळे तुमचीच मेल उघडतात. एमओएम लांब नको. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि काय ठरायचं राहिलं. खाली एक ओळ स्वतःची ठेवा: 'मीटिंगनंतर लक्षात आलेला मुद्दा.' दिव्याला गाडीत सुचणारं सगळं या ओळीत बसतं. ही मेल त्याच दिवशी गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिची किंमत निम्मी होते. बाईमाणसाने मात्र एक जपावं. काही टीममध्ये हे काम कायम मुलींकडेच येतं आणि त्याबरोबर चहा-बिस्किटांची व्यवस्थाही. तसं होऊ लागलं तर मिनिट्स ठेवा, बाकीचं सोडा आणि ते स्पष्ट सांगा.

वेळापत्रकाबद्दल. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली १४ जणांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजून एक छोटा प्रयोग केला होता. एका दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार मीटिंगा सलग आणि दुसऱ्या वेळी प्रत्येकीच्या मध्ये दहा मिनिटांची विश्रांती. सलग मीटिंगांत ताण चढत गेला, विश्रांती मिळाली तेव्हा तो पुन्हा खाली आला. माणसं थोडी आहेत, पण आपल्या अनुभवाशी हे जुळतं. तुम्ही बोलावलेली मीटिंग पंचवीस किंवा पन्नास मिनिटांचीच ठेवा. दिवसात दोन तास कॅलेंडरवर कामाचा ब्लॉक टाका आणि त्याला 'बिझी' ऐवजी कामाचं नाव द्या. 'टेस्ट रिपोर्ट लिहिणे' असं दिसलं की त्यावर इन्व्हाइट टाकायला माणूस जरा कचरतो. मधली दहा मिनिटं मोबाइलवर घालवू नका. जिन्याने दोन मजले उतरून चढून या. जेवणाची सुट्टी आठवड्यातून दोन दिवस एकट्याने घ्या आणि बाकीचे दिवस टीमबरोबर जेवा. रोज एकटे जेवलात तर माणसं तुटतात, आणि मीटिंगच्या आधी एकट्यात गाठायला माणसं लागतात.

अमेरिकेच्या कॉलचा हिशेब वेगळाच. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला आणि थंडीत साडेआठला येते. नेमका घरी पोचायचा, पोळ्यांचा, मुलांच्या अभ्यासाचा वेळ. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये कॉलसाठी वेगळी खोली कुठून आणणार? स्वयंपाकघराची गॅलरी हेच ऑफिस होतं आणि कुकरच्या शिट्टीला म्यूट शोधावं लागतं. अशा कॉलच्या दिवशी सकाळचा स्टँडअप लेखी द्यायची परवानगी मागा. तीन ओळींचा मेसेज: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. बहुतेक लीड देतात, मागणारेच कमी असतात.

घरच्यांशीही मोकळं बोलून घ्या. दिवसभर बोलून आलेला माणूस दारातच गप्प असला की घरातल्यांना वाटतं काहीतरी बिनसलंय. 'मला पंधरा मिनिटं दे, मग सगळं सांगते' हे वाक्य नवऱ्याला, बायकोला, आईला एकदा समजावून सांगितलं की रोजचे गैरसमज टळतात. आणि पंधरा मिनिटांनी खरंच सांगायचं.

लोकलच्या प्रवासात विश्रांती मिळते असं काही जण म्हणतात. बसायला मिळालं तर मिळते. डोंबिवली लोकलमध्ये खिडकी मिळाली, कानात काही लावलं, की कोणी तुमच्याशी बोलत नाही आणि त्यात कोणाला वावगंही वाटत नाही. मुंबईच्या गाड्यांची ही मोठी मेहेरबानी आहे. पण संध्याकाळी ठाण्याहून कल्याणच्या गाडीत शिरताना जी रेटारेटी होते ती विश्रांती नव्हे, शिक्षा आहे. शक्य असेल तर अर्धा तास उशिरा निघा. ठाण्यात तलावपाळीला एक फेरी मारा आणि मग गाडी पकडा. गाडीतल्या ग्रुपमध्ये जायचा आग्रह झाला तर सकाळी जा, संध्याकाळची गाडी स्वतःसाठी ठेवा. शनिवारी वाचनालयात जा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून. माणसांच्या सोबतीत गप्प बसायची याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

अप्रेझलच्या वेळी 'काम उत्तम, पण व्हिजिबिलिटी कमी' हे वाक्य ऐकायला मिळालं तर दुखावून घरी येऊ नका. तिथेच विचारा: कोणत्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं? काय बोलणं अपेक्षित होतं? नेमकं उत्तर मिळालं तर त्यावर काम करता येतं. मिळालं नाही तर बोलणाऱ्यालाही कळतं की शेरा हवेतला आहे. तुमच्या पाठवलेल्या मेल, एमओएम, आधी दाखवलेले धोके एका फोल्डरमध्ये वर्षभर साठवत जा आणि त्यातल्या पाच ठळक गोष्टी अप्रेझलच्या आधी पाठवा. ही बढाई नाही, नोंद आहे.

हे सगळं करूनही छाती धडधडणं थांबत नसेल, मीटिंग टाळण्यासाठी सुट्ट्या पडत असतील, तर मदत घ्या. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. समुपदेशनात पुष्कळदा विवेकनिष्ठ विचारपद्धती वापरतात. तिचे जनक अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी बुजरे होते. वयाच्या १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन अनोळखी बायकांशी बोलायचंच असा नेम त्यांनी महिनाभर चालवला आणि शंभर जणींशी बोलले. त्यातून लग्न जमलं नाही, पण आभाळही कोसळलं नाही, आणि भीती गेली. भीती वाटणारी गोष्ट छोट्या मापात पुन्हा पुन्हा करणं, हा त्या पद्धतीतला एक महत्त्वाचा उपाय आहे. आठ जणांच्या टीममध्ये आठवड्याला एक प्रश्न, इथून सुरू करता येतं.

शेवटी जे टीम लीड झाले आहेत किंवा होणार आहेत त्यांच्यासाठी. शांत माणसाने लीड होऊ नये असं समजून बढती नाकारणारे मी पाहिले आहेत आणि मला ते पाहवत नाही. ग्रँट, जिनो आणि हॉफमन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिझ्झा पोचवणारी ५७ दुकानं तपासली होती. जिथे कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे होते, तिथे अंतर्मुख प्रमुखाच्या दुकानाचा नफा जास्त होता, कारण तो ऐकून घेत होता. पुढाकार न घेणाऱ्यांच्या दुकानात बहिर्मुख प्रमुख सरस ठरला. तेव्हा तुमच्या टीममध्ये बोलकी, उत्साही पोरं असतील तर तुम्ही योग्य जागी आहात. सोमवारच्या प्लॅनिंगला पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपला मुद्दा शेअर केलेल्या शीटमध्ये लिहायचा, मग सगळ्यांनी तो वाचायचा आणि त्यानंतर चर्चा सुरू करायची, असं करून बघा. सुरुवात सगळ्यात नव्या माणसाच्या मुद्द्यापासून करा आणि तुमचा स्वतःचा मुद्दा शेवटी वाचा.